चौदा नंबरची स्लाइड

४ सप्टेंबर

प्रॅक्टिकलचं जर्नल परत आलं. तिसऱ्यांदा. शेरा तोच — ‘आकृती अस्वच्छ. पुन्हा काढा.’ आकृती बरोबर की चूक, यावर अवाक्षर नाही.

शेरा लिहिणाऱ्या सरांना आम्ही मेडिकलच्या पहिल्या वर्षाची मुलं लाल पेन म्हणतो. ते ऊती शिकवतात, म्हणजे शरीराचा पातळ काप काचेवर ठेवला की मायक्रोस्कोपखाली कसा दिसतो ते. प्रत्यक्षात ते समास शिकवतात. डावीकडे दोन बोटं, उजवीकडे एक. माझ्या यकृताची रेघ समासात घुसली, म्हणून अख्खं यकृत बाद.

६ सप्टेंबर

जर्नल पूर्ण करायची खरी रीत आज कळली. मायक्रोस्कोपात बघायचंच नसतं. सीनियरचं जर्नल आणायचं, खिडकीच्या काचेला लावायचं, वर आपला कागद ठेवायचा आणि गिरवायचं. सीनियरने त्याच्या सीनियरचं गिरवलेलं असतं.

पार्टनर म्हणाली, "वेडी आहेस का? स्लाइडमध्ये सगळं गुलाबीच दिसतं."

खरं आहे. मी पाऊण तास बघितलं, गुलाबी दिसलं. मध्येच काहीतरी लांब, काळं दिसलं तेव्हा फार आनंद झाला. माझीच पापणी होती.

आणि गिरवायलाही हात लागतो. तो मला नाही.

९ सप्टेंबर

वहिनी ओट्यापाशी होती. हात पुसून आली आणि जर्नल चाळायला लागली.

"हे काय आहे?"

"मूत्रपिंड."

"मला वाटलं, ढग."

लग्नाआधी ती दोन वर्षं चित्रकलेच्या कॉलेजात होती. मग दादाचं स्थळ आलं आणि ते राहिलं. मला हे ठाऊक होतं, म्हणजे एखाद्या फॉर्मवरचा रकाना ठाऊक असावा तसं. तिने पेन्सिल उचलली आणि दहा मिनिटांत ढगाचं मूत्रपिंड करून दिलं.

"पण गिरवणार नाही मी," म्हणाली. "तू खऱ्या स्लाइडचा फोटो आणून दे. बघून काढते."

ठरलं. मी मोबाइल लावून फोटो काढायचा, तिने आकृती, मी नावं लिहायची. बदल्यात काय, ते तिने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

२० सप्टेंबर

‘उत्तम’! लाल पेनाने पहिल्यांदाच हा शब्द लिहिला असावा, जोडाक्षर जरा अडखळलेलं आहे. वर्गात जर्नल उंच धरून म्हणाले, "याला म्हणतात मेहनत." मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

घरी आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "हिची बोटं अगदी सर्जनची आहेत हो." वहिनी तेव्हा काकूंच्या हातात चहाचा कप देत होती.

३ ऑक्टोबर

गर्भाची वाढ शिकायला सुरुवात झाली. बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात. फळ्याला आत्तापर्यंत सगळं समजलं असेल. तिसऱ्या आठवड्यात भ्रूण म्हणजे तीन थरांची चपटी चकती, आणि मग तिची गुंडाळी होऊन नळी. कशी? फळ्याला विचारा.

घरी येऊन मी तणतणत होते. वहिनी धुतलेल्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. तिने दोनतीनदा सगळं नीट विचारून घेतलं. मग एक अभ्रा हातावर पसरला, कडा खाली वळवून जुळवल्या, दोन्ही टोकं आत दुमडली.

"खालचा थर आत गेला, ते आतडं. वरचा बाहेर राहिला, ती कातडी. मधला मध्ये. असंच ना?"

असंच. पुस्तकाने यासाठी नऊ पानं घेतलीत.

आतून आईचा आवाज, "अभ्रे घातलेस का गं?"

१७ ऑक्टोबर

आठव्या आठवड्याचा भ्रूण काढायला दिला. वहिनी हातापर्यंत आली आणि थांबली.

"इतक्यात बोटं येतात?"

"सहाव्या-सातव्या आठवड्यात दिसायला लागतात," मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "आठव्याच्या शेवटी सुटी होतात."

"मग होती तर."

गेल्या वर्षी, तिसरा महिना चालू असताना, तिचं मूल गेलं. माझी प्रवेशपरीक्षा तोंडावर होती. आईने मला सांगितलं होतं, तू अभ्यासाकडे लक्ष दे. मी दिलं. घरात पुढे तो विषय कोणीच काढला नाही, आणि मला वाटत राहिलं की तो संपला.

"मला कोणी सांगितलंच नव्हतं," वहिनी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, अजून काही नव्हतंच त्यात."

मला त्या आठवड्याचे सगळे अवयव क्रमाने येतात. तिने सगळी बोटं काढली, एकेक, सावकाश. मी शेजारी बसून राहिले. नावं नंतर लिहिली.

२८ ऑक्टोबर

लाल शेरा! चौदा नंबरची स्लाइड, थायरॉइड. ‘साफ चूक. थायरॉइडमध्ये नळ्या नसतात.’

वहिनीवर चिडले. "पुस्तकात बघून काढायचं होतंस."

"फोटोत आहेत नळ्या."

"नसतात त्या."

"मग तो फोटो कशाचा आहे?"

 

२९ ऑक्टोबर

आज मी स्लाइड बघितली. या वर्षात पहिल्यांदा खरोखर बघितली, वहिनीची आकृती शेजारी ठेवून. गुलाबीतून एकेक गोष्ट वर यायला लागली. नळ्या आहेत. पेशींचे वेगवेगळे पुंजके, मध्ये जाड पडदे. पुस्तक उघडलं. ही थायरॉइड नाहीच. दूध येत असलेल्या स्तनाचा काप आहे. वरवर दोन्ही सारखेच दिसतात, घोटाळा होतोच, असंही तिथे लिहिलंय.

स्लाइडांची कपाटं सांभाळणाऱ्या मामांकडे गेले. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"माहीत आहे मला. एकवीस वर्षांपूर्वी पेटी पडली, लेबलं सुटली. तेव्हाच्या साहेबांनी अंदाजाने चिकटवली."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगितलं की. म्हणाले, नोंदवहीत थायरॉइड आहे."

३० ऑक्टोबर

लाल पेन सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इतक्या वर्षांत या स्लाइडवर एकही विद्यार्थी चुकलेला नाही," म्हणाले. "मग स्लाइड चुकीची कशी असेल?"

नळ्या खोडून आकृती द्यायची, सोमवारपर्यंत. वहिनीने खोडायला नकार दिला. मीच खोडल्या. कागद फाटला. तिने आधी काढलेली कच्ची आकृती वेगळ्या कागदावर होती, ती जर्नलात मागे ठेवून दिली.

१२ डिसेंबर

प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक बाई आलेल्या, चाळिशीच्या. शेजारी लाल पेन सर. माझ्या वाट्याला कुठली स्लाइड यावी — चौदा.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

सर माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, जवळजवळ विनवणीने. ‘थायरॉइड’ म्हटलं की पाचपैकी पाच. घरी सगळे वाट बघत होते. मी पुन्हा एकदा आत डोकावले.

"स्तन. दूध येण्याच्या काळातलं."

बाईंनी मला बाजूला केलं आणि डोळा लावला. बराच वेळ लावला. मग सरळ होऊन म्हणाल्या, "सर, मी इथलीच विद्यार्थिनी. एकोणीस वर्षांपूर्वी याच स्लाइडवर तुम्ही मला पाचपैकी पाच दिले होते."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

मग बाईंनी जर्नल उघडलं. मागची सुटी आकृती त्यांच्या हातात आली. "ही कुणी काढली? तू?"

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. तीन महिने तेच तर म्हणत आले होते.

"नाही. वहिनीने. जर्नलातल्या सगळ्याच तिने काढल्यात."

सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. अखेर नियमात बसणारं काहीतरी सापडलं होतं. "जर्नल स्वतःचं नाही," ते म्हणाले. टोपण निघालं ते निघालंच. सगळ्या पानांवर एकच तिरकी रेघ.

बाहेर पडताना बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. "वहिनी काय करतात?"

"घरीच असते."

"आमच्या विभागात चित्रकाराची जागा सात वर्षं रिकामी आहे. अर्ज करायला सांग."

८ जानेवारी

निकाल. सगळे विषय पास, ऊतींत नापास. सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा, जर्नल पहिल्यापासून.

आईने आज काकूंकडे जायचं टाळलं.

१० जानेवारी

वहिनीने जेवताना सांगितलं, बाईंच्या कॉलेजात अर्ज पाठवलाय, चित्रकलेची जुनी प्रमाणपत्रं जोडून, आणि मुलाखतीला बोलावलंय. दादा घास हातात धरून बसला.

"तिथे? मग घरचं कसं व्हायचं?"

"कुठलं?" वहिनीने विचारलं. खरंच विचारत होती. त्याला नेमकं एकही काम सांगता आलं नाही. सहा वर्षांत त्याने बघितलंच नव्हतं. मी हसले नाही. मीही याच घरात राहते.

२ फेब्रुवारी

जर्नल स्वतः काढतेय. वाकडं येतं. पण आधी बघते, मग काढते. वहिनी शेजारी बसते, पेन्सिलीला हात लावत नाही. आजच्या यकृताला ‘ढग’ म्हणाली नाही. ‘ढगाळ’ म्हणाली.

१५ फेब्रुवारी

दुपारी पोस्टमन आला. सहीचं पाकीट. वरचं नाव वाचून मी म्हटलं, या नावाचं इथे कोणी राहत नाही. तो वळलाही होता.

मागून वहिनी आली. म्हणाली, "थांबा, माझं नाव आहे ते."