चमक मारणारा हात

बा, तुझ्या हातचा नरसिंह यंदा माझ्याकडे रंगवायला आलाय. बोहाड्यात रात्रभर देवांची सोंगं नाचतात, त्यात तो मुखवटा आपल्याच घराण्यानं नाचवायचा, आणि घराण्यात ब्रश धरणारा आता मी एकटाच उरलोय. फौजेतून निवृत्त होऊन खोडाळ्याच्या घरी परतलो, वर्षभरात ही गेली, पोरगी नाशकात संसाराला लागली. दिवसभर घरात आवाज करणारा काय तो मिक्सर, तोही मी चटणी वाटली तर. म्हणून पुतण्या मुखवटा काखेत मारून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "काका, आता तूच बघ याचं काय ते," तेव्हा मी इतका हरखलो की त्याला बस म्हणायचंही राहून गेलं.

मला अजून लहानपणचं दिसतं, तू ओसरीत बसला आहेस. कागदाच्या लगद्याचा मुखवटा मांडीवर, शेजारी ऑइलपेंटचे डबे. लाल तोंड, पिवळी आयाळ, डोळ्यांभोवती पांढरी रेघ, आणि सगळ्यावर व्हार्निशचा हात. मग मला अंगणाच्या पार टोकाला पिटाळतोस आणि ओरडतोस, "तिथनं डोळं दिसतात का रे?" नाही म्हटलं की परत रेघ जाड. टेंभ्याच्या उजेडात शेवटच्या माणसालाही देव दिसला पाहिजे, ही तुझी एकच अट. रंग मंद बसला की माझ्या पाठीत धपाटा. "मेल्या माणसाचं तोंड केलंस!" म्हणायचास.

आणि फौजेत मला काम काय मिळालं, तर बंदुका रंगवायचं. कारखान्यातून रायफल येते ती काळीभोर. तिचं तेल पुसायचं, नळीचं तोंड आणि नेम धरायची जागा चिकटपट्टीनं झाकायची, हिरवा मारायचा, त्यावर तपकिरी आणि मातकट ठिगळं. सरळ रेघ कुठं ठेवायची नाही, कारण रानात सरळ रेघ नसते आणि डोळा नेमका तीच पकडतो. वाळवंटात जायची असेल तर रेतीचा रंग, बर्फात पांढरा. पहिली रायफल मी तुझ्या पद्धतीनं केली, वरून झकास व्हार्निश! काम शिकवणाऱ्या उस्तादांनी ती उन्हात धरली. "दुल्हन सजाई है क्या? यह चमकेगी और जवान मरेगा." सगळी खरवडायला लावली. नंतर मलाच मैदानाच्या टोकाला उभं करून विचारलं, दिसते का? तेव्हा तुझी इतकी आठवण आली की डोळे भरले, आणि उस्तादांना वाटलं बोलणं लागलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत या हातानं चमक मारण्याचंच काम केलं. चांगलं केलं, बा. माझ्या रंगानं कुणाचा तरी जीव वाचला असेल, असं मला वाटतं.

पण हात तसाच झालाय. नरसिंह रंगवून मी अंगणात कुडाच्या भिंतीवर टांगला, सांज झाली, पुतण्या लांब जाऊन उभा राहिला आणि डोळे बारीक करून बघू लागला. "काय रे?" म्हटलं. म्हणाला, "काका, देव दिसंनाच. नुसता कूड दिसतोय." जवळ जाऊन बघतो तर खरंच की! लाल मी पाणी घालावं तसा मंद केलेला, आयाळीच्या कडा फोडलेल्या, डोळ्यांची रेघ जागोजाग तोडलेली. मी असं करतोय हे मला कळलंसुद्धा नव्हतं. "लोकं हसतील," एवढंच तो बोलला. हसली असती तर बरं. पण पुढच्या वर्षी मुखवटा जव्हारच्या पेंटरकडे गेला असता, आणि या घरात येण्याचं कुणाला कारणच उरलं नसतं. ती भीती मला झोंबली.

मग सगळं घासून काढलं आणि नव्यानं बसलो. रेघ ओढताना हात आपोआप तुटायचा, मी शिव्या घालत पुन्हा ओढायचो. आता तो असा लखलखतोय की तूसुद्धा काही बोलला नसतास. बोहाडा तोंडावर आलाय. पुतण्या रोज संध्याकाळी विचारायला येतो, ओसरीत बसतो, चहा पितो, गावातलं काहीबाही सांगतो.

हे पत्र कुठं टाकायचं हे मला माहीत नाही, म्हणून तुला तरी खरं सांगतो. रंग परवाच वाळलाय. मी त्याला सांगतो, अजून ओला आहे, उद्या ये.