घरघंटीचा मालक

दहिवली, ४ ऑगस्ट २०२५

चि. देवेश, अ. उ. आ.

फोनवर नुसतं हो-हो करून ठेवून देतोस, म्हणून पत्र. तुमच्या कारखान्याची नवी घरघंटी चाचणीला दिलीस. गहू झकास दळला. काल मोदकांसाठी तांदूळ धुऊन, फडक्यावर सुकवून घातले, तर जाळीवर लगदा! तुझ्या कार्डावर 'प्रॉडक्ट ओनर' छापलंय, तेव्हा मालक, हे निस्तरणार कोण? शाळेत मॉनिटरचा बिल्ला माझ्या छातीवर असे, फळा मात्र वर्गातली विमल पुसायची. शिकवणाऱ्या सिस्टर खडूसाठी हाक तिलाच मारत.

लाडाने चिडलेली,
नंदाआत्या

लोधिवली, ९ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

माझी मालकी ऐक. जाळी डिझाइनवाल्यांची, मोटर खरेदीवाल्यांची, तारीख साहेबांची. माझी फक्त कामांची यादी, आणि माल सोडायच्या गेटपासवरची सही! आम्ही कोरडेच तांदूळ दळून पाहिले. चाचणीच्या टेबलावर धान्य ओतणाऱ्या सोनुबाई मे महिन्यातच म्हणाल्या होत्या, की बाया गणपतीला धुतलेलं तांदूळ दळत्यात, घालून बघ की रं. मी हसण्यावारी नेलं.

१८ तारखेला तीनशे घरघंट्या दुकानांत जाणार. साहेब म्हणतात, तक्रारी आल्या की बघू. अडवलं, तर माझी नोकरी पक्की व्हायची राहील. काय करू गं?

तुझ्या मायेवर विसंबलेला,
देवेश

दहिवली, १२ ऑगस्ट

चि. देवेश, अ. उ. आ.

काय करायचं ते मी सांगितलं, तर मालकी माझी होईल, आणि मला तुमच्याकडे पगार नाही. एवढंच सांगते. गणपतीच्या सकाळी जाळी तुंबली, तर ती बाई साहेबांना बोल लावणार नाही. आपणच तांदूळ नीट सुकवले नाहीत म्हणेल. मीही आधी तेच म्हटलं.

जेवत जा वेळेवर.
नंदाआत्या

लोधिवली, १९ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल टेंपो रिकामे परत गेले. मी गेटपासवर सही केली नाही. साहेबांनी विचारलं, कोणाच्या परवानगीने? मी म्हटलं, माझ्या. पद गेलं, नोकरी पक्की व्हायचं वर्षभर लांबलं. आता चाचणीच्या टेबलावर सोनुबाईंच्या हाताखाली आहे. त्या मला नवा गडी म्हणतात.

आज दुसरी जाळी बसवली. सोनुबाईंनी धुतलेले तांदूळ ओतले, पीठ चिमटीत चोळलं आणि नाय म्हणाल्या. मी पुन्हा जाळी उघडायला बसलो.

यंदा पीठ गिरणीतूनच आण. रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
देवेश