वाटी रिकामी परत करू नये

रविवार, ५ जानेवारी

ही रोजनिशी मी हौसेनं लिहीत नाही. माझी भाची दीप्ती, तिची अट आहे. एकटी राहायचं असेल तर रोज लिहायचं. ती रविवारी कळव्याहून येऊन वाचणार, आणि त्यात विसराळूपणा दिसला तर मी मुकाट्यानं तिच्याकडे राहायला जायचं. मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून बाजारात गेले, त्याची ही शिक्षा. असो. डोंबिवलीचे जिने गुडघ्यांना झेपेनात म्हणून बाळकुमला लिफ्टच्या इमारतीत आले. घर उजेडाचं आहे. स्वयंपाकघरातून खाडी दिसते, ओहोटीला चिखलावर बगळे उतरतात. सकाळी खालून कोळणीची हाक येते. सामानवाल्यांनी फक्त एक कपाट ओरखडलं. दीप्ती, नीट वाच: मी मजेत आहे.

मंगळवार, ७ जानेवारी

शेजारच्या शीलाताई वाटीभर नारळीभात घेऊन आल्या, सोबत यजमान महिपतराव. दोघं पन्नाशीची वाटली. बोलता बोलता म्हणाल्या, त्यांच्या थोरल्याचं लग्न झालं तेव्हा इथं नुसती भातशेती होती. मी मनात वजाबाकी केली, जुळेना. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं हे कळल्यावर त्यांनी विचारलं, माणूस म्हातारा होतोच का? मी वर्गातल्यासारखं सांगून टाकलं. आपण टिकतो की नाही याच्याशी निसर्गाला घेणंदेणं नाही. अंगातला जोर पिल्लं जन्माला घालण्यात आणि वाढवण्यात जातो, शरीराच्या डागडुजीला पुरत नाही. यात पाप नाही, शाप नाही. महिपतराव हसले. "बाई, घरात पुरत नसेल तर शेजारी मागावं."

रिकामी वाटी परत करायला आईनं मला शिकवलेलं नाही. डब्यातली सोनपापडी घालत होते, तर शीलाताई लाडात येऊन म्हणाल्या, "विकतचं नको हो, हातचं काहीतरी द्या." मग चिवडा करून दिला.

शनिवार, ११ जानेवारी

रोज वाटी येते, रोज भरून जाते. शंकरपाळे झाले, मेथीचे लाडू झाले. दमायला होतं. आज पोळ्या लाटताना हाताकडे लक्ष गेलं. कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती उभीच राहिली. आठवड्यापूर्वी असं नव्हतं. थंडीनं असेल.

रविवार, १२ जानेवारी

दीप्ती आली. रोजनिशी वाचून झाली आणि मग बराच वेळ माझ्याकडेच बघत बसली. जेवतेस का, झोपतेस का, "मावशी, थायरॉईड करून घेऊ या ना गं." मला काही धाड भरलेली नाही, असं सांगून तिला वाटेला लावलं.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

तिळाचे लाडू वळून दिले. शीलाताईंनी माझे दोन्ही हात हातात घेऊन, गोड बोला, म्हटलं. परवा त्यांच्या मनगटावर तपकिरी डाग होता. आज नाही. माझ्या मनगटावर आहे. त्याच जागी, तेवढाच.

संध्याकाळी दात पडला. दुखलं नाही, रक्तही आलं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी

मी अंधश्रद्धा मानत नाही, प्रयोग मानते. बुधवारी आणि काल विकतचा चिवडा वाटीत घालून दिला, माझ्या हातचा म्हणून. माझा जोर टिकला, दळणाचा डबा एकटीनं उचलला. तिकडे शीलाताईंच्या गळ्याला सुरकुत्या लोंबल्या आणि महिपतराव भिंत धरून चालू लागले. आज सकाळी मुद्दाम स्वतः शिरा केला. दुपारी माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. महिपतराव शीळ घालत जिना उतरून गेले.

निष्कर्ष लिहायची गरज नाही.

सोमवार, २० जानेवारी

काल रविवार असून दीप्तीला कामामुळे येता आलं नाही. आज शीलाताईंना दारातच सांगितलं, यापुढे काही मिळणार नाही. शीलाताई चिडल्या नाहीत. उलट समजुतीनं म्हणाल्या, तुम्हाला मूल ना बाळ, मग एवढा जीव कुणासाठी राखून ठेवता? मी म्हटलं, माझं म्हातारपण मी एकेक दिवस जगून मिळवणार आहे, आणि मरेनही माझी मीच. त्यात तुमचा वाटा नाही. दार आपटलं. कडी लावली.

बुधवार, २२ जानेवारी

उभं राहवत नाही. देणं थांबवलं, तरी घसरण थांबली नाही; गेलेलं परत येत नाही, एवढं कळलं. आरशात आई आहे. नाही, आजी.

रडले नाही. दीप्तीला फोन करून, येऊ नकोस, म्हटलं. चूक केली. नको म्हटलं की ती हटकून येते.

रविवार, २६ जानेवारी

आली. मला पाहून दारातच रडली. आता इथंच राहायला येते म्हणाली. आणि तिच्या हातात — वाटी.

लिफ्टपाशी शीलाताईंनी दिली. खीर होती. हिनं उभ्याउभ्या खाल्ली. "काय गोड आहेत गं काकू! आता रिकामी कशी देऊ? रवा कुठे ठेवलास?" हे वळण मीच लावलं तिला.

सगळं सांगितलं. तिला वाटलं, माझं डोकं गेलं. कढई चढवलीच तिनं. तिशीची पोर — हातांवर एक रेघ नाही —

नाही म्हणजे नाही. ओरडले, कालथा हिसकावला, औषधाच्या निमित्तानं खाली पिटाळली.

रवा मीच भाजला, स्टुलावर बसून. त्या दोघांनी आजवर वर्षं नेली. आता माझ्यात वर्षं नाहीतच — नखं निळी — श्वास अर्धाच येतो — उरलंय फक्त मरण. ते निगुतीनं वळलं. वर बेदाणा लावला.

भिंत धरत त्यांच्याकडे गेले, परत आले. नोंद करते.

दिलं: वाटी एक, रव्याचे लाडू दोन, माझ्या हातचे.

घेतलं: एक शीलाताईंनी, एक महिपतरावांनी. माझ्यासमोर खाऊन संपवले. "शेवटी शहाण्या झालात बाई," म्हणाले.

दीप्तीच्या हातचं: काही नाही.

भिंतीपलीकडे खुर्ची पडली — पाठोपाठ काहीतरी जड — शीलाताई हाका मारताहेत, माझ्याच नावानं — आवाज केवढा म्हातारा —

मी जाणार नाही.

दीप्ती, त्यांचं दार उघडू नकोस, आणि पुन्हा कधी ती वाटी कुणी आणून दिली तर —