ब्राउझरला शिस्त लावताना

सोमवार, ३ जून
साहेब महिनाअखेर निवृत्त होतायत. मुख्य ग्रंथपालाची जागा रिकामी होणार आणि बावीस वर्षं कॅटलॉगच्या टेबलावर काढलेला माणूस या लायब्ररीत एकच आहे. मला केबिन हवी आहे. दार असलेली. अर्ज ऑनलाइन, मुदत १४ तारीख, संध्याकाळी पाच. चार पानांचा फॉर्म, म्हणजे किरकोळ काम.
त्याआधी एकच गोष्ट. माझ्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या विंडो करड्या, बंद करायचं बटण डाव्या कोपऱ्यात. एकटा ब्राउझर पांढराफटक आणि त्याचं बटण उजवीकडे. सगळे जेवायला बसलेत आणि एक जण दारात चपला घालून उभा, तसं दिसतं. असल्या विंडोतून मी अर्ज पाठवणार नाही. उद्या उरकतो.

मंगळवार, ४ जून
इंटरनेटवरचा एक फोरम वाचला. एका फाइलमध्ये सूचना लिहायच्या, ब्राउझर निमूट ऐकतो म्हणे. लिहिल्या. ऐकलं नाही. ब्राउझर हट्टी आहे. मीही आहे.
काउंटरवाल्या बाईंनी कालच अर्ज भरला. त्यांच्या ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर मांजरांची चित्रं आहेत. तीन मांजरं! चालू द्या.

गुरुवार, ६ जून
ब्राउझर करडा झाला. पण सिस्टिमचा करडा वेगळा, हा वेगळा. फोनवर फोटो काढून घरी नेला. ही म्हणाली की दोन्ही करडेच आहेत, आणि अर्ज भरला का? लग्नाला चोवीस वर्षं झाली, हिला दोन करड्यांतला फरक दिसत नाही. लेक म्हणाली की बाबा, फोटोत तिसराच करडा आलाय. हे मात्र विचार करण्यासारखं आहे.

शनिवार, ८ जून
सुट्टी. तरी गेलो. पहारेकऱ्याने का आलात म्हणून विचारलं. वरच्या जागेसाठी, असं सांगितलं. खोटं नव्हतं.
बंदचं बटण डावीकडे आणलं! तिथे मागच्या पानावर जायचं बटण होतं, त्याची रवानगी उजव्या टोकाला. होईल सवय.

बुधवार, १२ जून
टॅबचे कोपरे सिस्टिमपेक्षा दोन पिक्सेल जास्त गोल होते. आज कापले.
साहेबांनी अर्जाचं विचारलं. शेवटचा हात फिरवतोय म्हटलं. ते म्हणाले की वर मी तुमचंच नाव सुचवलंय, फक्त अर्ज पोचू द्या. या माणसाची मान खाली जाऊ देणार नाही.

शुक्रवार, १४ जून, दुपारी १
फॉर्म उघडला. करड्या चौकटीत भलताच रुबाबदार दिसतो.
३.१०. चौथं पान. विशेष गुणांच्या रकान्यात नीटनेटकेपणावर दोनशे शब्द लिहिले. दुसऱ्या पानावर रुजू झाल्याचं वर्ष चुकलंय. मागे जाऊन दुरुस्त करतो.
३.११. हात सवयीने डावीकडे गेला. तिथे आता बंदचं बटण आहे. मीच आणलेलं. विंडो बंद. फॉर्म कोरा. दोष हाताचा आहे, रचनेचा नाही.
३.१५. पुन्हा भरण्याआधी याचा कायमचा बंदोबस्त. बटण लाल करतो, म्हणजे हात थबकेल. एका ओळीचं काम.
४.४०. ओळीत एक कंस राहिला. वरची पट्टीच गायब. पत्ता टाकायलाही जागा नाही.
४.५८. कंस सापडला. बटण लाल झालं. देखणं आहे. अजून दोन मिनिटं आहेत.
५.०४. मुदत संपली म्हणे. ज्यांना चार मिनिटांची एवढी किंमत, त्यांनी माझ्या बावीस वर्षांचीही ठेवावी.

शनिवार, २२ जून
हिला आज सांगितलं. अर्ज गेला नाही, तत्त्वाचा प्रश्न होता. ही म्हणाली की केबिनच्या खिडकीसाठी पडदा शिवून ठेवला होता, तो आता स्वयंपाकघराला लावते. पडदा करडा होता. माझ्या फोनमधला फोटो दुकानात दाखवून कापड आणलं होतं म्हणे. मला फार वाईट वाटलं. छटा अगदी बरोबर होती.

सोमवार, १ जुलै
काउंटरवाल्या बाई केबिनमध्ये बसल्या. दुपारी माझ्या टेबलाशी आल्या, माझी विंडो पाहून म्हणाल्या की वा, सिस्टिमसारखी केलीत! मी बारा दिवसांचे कष्ट सांगणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या की सेटिंगमध्ये एक चौकट असते, तिथे टिक केली की झालं. त्यांचाही ब्राउझर आधी तसाच होता, कंटाळा आला म्हणून मांजरं लावली. मी नको म्हणेपर्यंत माझी फाइल बाजूला सारून त्यांनी टिक केलीही. तीन सेकंद. रंगही जुळला.
एका टिकने होतं त्याला काम म्हणत नाहीत. मी हटणार नाही. उद्यापासून फोनचे आयकॉन.
संध्याकाळी ६. मुदत वाढलीय का ते पाहायला फॉर्म उघडला होता, तिथून निवडयादीवर गेलो. यादीत एकच नाव. निघायचं म्हणून विंडो बंद करायला गेलो. हाताला आता नवी जागा पाठ झालीय. पण बाईंच्या टिकने बंदचं बटण वरच्या पट्टीत गेलंय आणि त्या जागी पुन्हा मागे जायचं बटण आलंय. पान मागे, फॉर्मवर गेलं. तिथे लिहिलं होतं: अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे. अक्षरं करड्या रंगात होती.