घर क्रमांक सत्तेचाळीस, चोरी निरंक

मंगळवार, सकाळी दहा

चि. मल्लेश यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन तू उचलतोस आणि लगेच स्पीकरवर टाकतोस. मग शिल्पा स्वयंपाकघरातून बोलते, तू हॉलमधून बोलतोस आणि माझं निम्मं बोलणं कुकरच्या शिट्ट्यांत जातं. शिवाय आजचा विषय स्पीकरवरचा नाही. तुझी साखर किती आहे ते उलट टपाली कळव. (खरा आकडा, उपाशीपोटीचा. मागे सांगितलेला तुझ्या वजनाशी जुळत नव्हता, आणि मी एकतीस वर्षं लातूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आहे.) शिल्पाचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं जिना टाळ, डॉक्टर टाळू नकोस. विष्णुपुरीला राहता, तर दोघांनी सकाळी धरणापर्यंत चालत जावं. मी ठीक आहे. मला काही होत नाही, वेळच नाही.

वेळ का नाही ते ऐक. दिवाळीनंतर मुरुडजवळच्या या आपल्या गावाची एका मोठ्या पाहणीसाठी निवड झाली. गुन्हे किती होतात, लोक न्याय मागायला कुठे जातात आणि गाव सोडून कोण कुठे जातं, याचे आकडे सगळीकडेच कच्चे असतात. वहीत येतं ते वेगळं आणि घडतं ते वेगळं. म्हणून आपण, मेक्सिको आणि केनिया अशा तीन देशांतल्या लोकांनी मिळून एकच प्रश्नावली केली. तेच प्रश्न त्यांच्या खेड्यांत, तेच आपल्या, म्हणजे ताडून बघता येईल. विचार उत्तम. गावची पर्यवेक्षिका म्हणून मला नेमलं, म्हणजे प्रत्येक फॉर्मखाली माझी सही. खोट्या माहितीखाली मी आजवर सही केलेली नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? नववीच्या प्रगतिपुस्तकावर आप्पांच्या नावाची सही कर म्हणून तू रडला होतास. केली नाही. तू अजून ते काढतोस.

घरं एकशे बारा, दिवस नऊ. नियम असा की समोरचा सांगेल तेच लिहायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही. पहिली गुणाबाई (वरच्या आळीची, जिच्या शेळ्या आपल्या भिंतीवरचा वेल खातात). पाच वर्षांत काही चोरीला गेलं का, विचारलं. नाही म्हणाली. आता पोळ्याला हिची शेळी गेली तेव्हा हिनं जो आरडाओरडा केला तो मुरुडच्या बाजारात ऐकू गेला असेल. मी शेळीचं काढलं, तर ढ विद्यार्थ्याकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

"अक्का, शेळी न्येली. चोरी न्हाई झाली. कोनी न्येली ते ठाव हाय की मला. ठाव असल्यावर ती चोरी कशी?"

शेळी दिराकडे होती. वीरण्णाच्या दुकानाच्या ओट्यावर बैठक झाली, पुढच्या वेतातलं एक करडू गुणाबाईला द्यायचं ठरलं, संपलं. पोलीस निरंक, कोर्ट निरंक. खुद्द वीरण्णाला विचारलं (पेंडीच्या पोत्यांत आणि साबणाच्या वड्यांत बसून हा माणूस रोज हायकोर्ट चालवतो), तर म्हणाला, गावात तंटा म्हणून नाही, लोक माझ्याकडे चहापत्तीला येतात. पुढे शेषेराव. एक मुलगा पुण्याला, एक हैदराबादला, एक दुबईला क्रेनवर. घरातून बाहेरगावी कोण गेलं, या प्रश्नाला उत्तर काय, तर कुनीच न्हाई, समद्यांची नावं रेशनकार्डात हायेत. मी घरात माणसं नऊ लिहिली. उंबऱ्याबाहेर चपलांचे जोड तीन, त्यातला एक माझा.

एकशे बारा घरं झाली. चोरी निरंक, तक्रार निरंक, स्थलांतर निरंक. नियमाप्रमाणे सह्या ठोकल्या आणि पाठवून दिलं.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. ग्रामपंचायतीत पडदा लावला होता, पडद्यावर मेक्सिकोच्या मार्सेलाबाई, माझ्याच वयाच्या, चष्म्याच्या दोरीसकट माझ्यासारख्या. शेजारी केनियाचे एक गृहस्थ. इकडे दुभाषा म्हणून प्रकल्पाचे आनंदराज (भोकरचे, सावकाश बोलतात, पण एक शब्द गाळत नाहीत). बाई अतिशय सभ्यपणे म्हणाल्या की असं गाव तिन्ही देशांत दुसरं सापडलेलं नाही. आता दोनच मार्ग. एक तर इथे येऊन सगळ्यांनी राहावं, नाही तर हे गाव मोजणीतून काढावं, पर्यवेक्षिकेसकट. मल्लेश, अख्ख्या वर्गासमोर उभं केल्यासारखं झालं मला. उभं करणारी आजवर मी होते. मी गावाला बोल लावायला सुरुवात केली, तर बाई हसल्या. म्हणाल्या, माझ्या आजीच्या गावात उत्तरेला, अमेरिकेत गेलेल्या मुलांची ताटं आया अजून मांडतात, आणि मोजणीवाला त्यांना हजर लिहून जातो. केनियाचे गृहस्थ म्हणाले, आमच्याकडे चुलतभावाच्या गोठ्यात दिसलेली गाय चोरीला गेलेली नसते, पाहुणी गेलेली असते. लोक खोटं बोलत नाहीत, प्रश्न चुकतात. मग आम्ही चौघांनी दोन तास बसून प्रश्न बदलले. काय चोरीला गेलं हे विचारायचं नाही. तुमची कोणती वस्तू, तुम्हाला न विचारता, दुसऱ्याच्या घरी आहे, हे विचारायचं. कोण गेलं हे विचारायचं नाही. घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन तो काल रात्री कुठे झोपला, हे विचारायचं.

मग जो लोंढा लोटला तो विचारू नकोस. पाण्याची मोटर, शिडी, खाट, पाटा, लग्नातली सतरंजी. गुणाबाईला एकटीला पुरवण्या दोन लागल्या आणि तिसरी मागत होती. वीरण्णानं एकेचाळीस तंटे तोंडपाठ सांगितले, निकालासकट. शेषेराव मुलांची नावं एकेक घेत गेला. दुबईवाल्यापाशी थांबला, तिकडे किती वाजले असतील याचा बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "आता उठला आसंल." मी पेन खाली ठेवलं, मग उचललं. एकूण एकशे त्रेसष्ट माणसं गावाबाहेर निघाली. हे दोन्ही प्रश्न आता तिकडच्या खेड्यांतही विचारणार आहेत. म्हणजे आपल्या गावानं तीन देशांना शिकवलं. पेढे वाटू नकोस, साखर आहे तुला.

राहिलं घर क्रमांक सत्तेचाळीस, म्हणजे आपलं. पर्यवेक्षिकेनं स्वतःचा फॉर्म भरायचा नसतो, म्हणून तो आनंदराजनी भरला. पहिल्या फेरीत (हे तुलाच लिहिते) माझंही चोरी निरंक, स्थलांतर निरंक. घरात माणसं दोन, मी आणि माझा लेक शिवम. दुसऱ्या फेरीत त्यांनी विचारलं, शिवम काल रात्री कुठे झोपला? टोरांटो, मी म्हणाले. सहा वर्षांत मी पहिल्यांदाच हे कोणाला लिहून घेऊ दिलं. एका ओळीत मावलं. त्यांनी वर बघितलं नाही, चांगला माणूस आहे. मग वस्तूंचा प्रश्न विचारला. त्याचं खाली लिहिते.

दोघं जपून राहा. शिल्पाला आणि लेक तनुजाला आशीर्वाद.

तुझी,
अक्का (महानंदा)

ता.क. – आप्पांचं तांब्याचं घंगाळ. त्यांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला तुम्ही सगळे येऊन गेलात, त्यानंतर ते इथे नाही. मागच्या महिन्यात शिल्पा व्हिडिओवर गुडघा दाखवत होती, तेव्हा तिच्यामागे गॅलरीत दिसलं, आत मनीप्लँट. फॉर्मात लिहिलं आहे: घंगाळ एक, भावाच्या घरी. नाव गुप्त राहतं, काळजी नको, पण तीन देशांच्या तक्त्यात जो एक भाऊ आहे तो तू आहेस. येत्या एकवीस तारखेला आनंदराज फेरतपासणीला येतील आणि वस्तू परत आली का विचारतील. मी हो म्हणणार आहे. खोट्याखाली मी सही करत नाही, तेव्हा वीस तारखेच्या आत घंगाळ घेऊन ये. झाड काढून. मातीसुद्धा.

ता.क. २ – शिवम शिवरात्रीला येतो म्हणाला आहे. आलास की त्याच्या खोलीतली ट्यूब बदलून जा. माझा हात पुरत नाही.

ता.क. ३ – नव्या फॉर्मात शेवटी आणखी एक प्रश्न आहे: दुसऱ्याची कोणती वस्तू तुमच्या घरी आहे? मी निरंक म्हणाले आणि सही केली. तीही खरी व्हायला हवी. तर आप्पांनी तुझ्या नावानं ठेवलेला पितळी तराजू, ज्यासाठी तू चुलत्यांशी चार वर्षं बोलत नाहीस, तो जाताना घेऊन जा. कोठीखोलीत आहे, गव्हाच्या पोत्यामागे. मीही तुझ्याबरोबर सगळं घर शोधलं होतं, हे खरं आहे. फक्त कोठीखोली मी एकटीनं बघितली होती.