नवव्या कक्षेतला आवाज

३ मार्च, सकाळी ७.१०
‘नववी कक्षा’चा शेवटचा एपिसोड बारा दिवसांवर. वाट चुकलेल्या यानाला आठ वर्षं हाका मारणारा तो आवाज कोणाचा, हे तेव्हा जगाला कळेल. मला आधीच माहीत आहे. चाळीस पानी तक्ता तयार. संकल्प: शांत राहणे. ज्ञान पाजळायचं नाही.

४ मार्च
साडू पाय मोडून घरी पडलाय. पडल्यापडल्या म्हणे तीन आठवड्यांत आठही सीझन संपवले. मी जे आठ वर्षं चावून चावून खाल्लं, ते याने सरळ गिळलं. मला हेवा बिलकुल वाटला नाही. बीपी वाढलं ते वेगळ्या कारणाने.

६ मार्च
मुलगी शाळेतून परस्पर साडूकडे. काकाचा पाय बघायला. पाय काय रोज बदलतो? विचारलं तर म्हणाली, आम्ही थिअरी डिस्कस करतो. सोफ्यावर माझ्या शेजारची जागा ती पाच वर्षांची असल्यापासून तिची. आज तिथे इस्त्रीचे कपडे होते.

७ मार्च
दुकानात एका बाईंच्या चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली. त्यांना काउंटर तिरका दिसायला लागला. मालकांनी विचारलं, लक्ष कुठे असतं. त्यांना काय सांगणार, ते क्रिकेट बघतात.

९ मार्च
साडूची थिअरी कळली. म्हणे बाहेर कोणीच नाही, यानाने पूर्वी मारलेली हाकच फिरून परत येतेय. पोट धरून हसलो. बायको म्हणाली, एवढं हसण्यासारखं काय आहे. म्हटलं, हे पोरकट डोक्यातून निघालेलं आहे. मुलगी काहीतरी सांगणार होती, पण मी तक्त्याचं पान बावीस उलगडलं. ती अभ्यासाला गेली. स्वतःहून!

१० मार्च
फॅन ग्रुपवर (दोन ॲडमिनपैकी मुख्य मीच, मेंबर २१२) नियम केला: परतीच्या हाकेची थिअरी मांडणाऱ्याला काढण्यात येईल. तिघांना काढलं. साडू ग्रुपमध्ये नव्हताच. आधी घेतला, मग काढला. यात वैयक्तिक काही नाही.

१२ मार्च
सासरे पंच व्हायला तयार. दोघांनी उत्तर बंद पाकिटात द्यायचं. जिंकेल त्याच्याबरोबर मुलगी पुढची सिरीज बघणार. अट माझी. मुलीला विचारलेलं नाही. पाकिटात चाळीस पानं मावेनात, पाकीट मोठं आणलं.

१५ मार्च, दुपारी ४
साडूकडे सगळे जमलो, त्याच्या पायाखातर. मुलगी आम्हा दोघांच्या मध्ये. पण त्याच्या बाजूला चार इंच जास्त. जळलो. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय.

आवाज यानाचाच निघाला. आठ वर्षांपूर्वीची स्वतःचीच हाक. मी लेखकांचा निषेध केला, कोणी ऐकला नाही.

पाकिटं उघडली. माझी चाळीस पानं सासऱ्यांनी न वाचता टीपॉयवर ठेवली. साडूच्या पाकिटात मुलीच्या अक्षरातली चिठ्ठी. ही थिअरी बाबाची आहे, मी सहा वर्षांची असताना दाढ दुखून रडत होते तेव्हा त्याने सांगितली होती, मी ती फक्त काकाला सांगितली. मला दाढही आठवेना, थिअरीही. साडू एका पायावर उठला आणि त्याने मला मिठी मारली. त्याला खरंच आनंद झाला होता. हे जास्त लागलं.

१५ मार्च, संध्याकाळी ६.३०
म्हणजे जिंकलो मीच! ग्रुपवर जाहीर केलं की परतीची हाक मूळची माझी. दुसऱ्या ॲडमिनने नियमाप्रमाणे मला काढलं.

१६ मार्च
सकाळी दप्तर भरता भरता मुलीने विचारलं, बाबा, आता आपण कोणती बघायची? ‘आपण’ म्हणाली. उत्तर सोपं होतं. मी म्हणालो, काकाला विचार, त्यालाच सगळं कळतं.

तिने खरंच विचारलं. शनिवारी चारला सुरुवात, साडूकडे. मलाही बोलावलंय. सोफ्यावर त्याचा पाय असतो, त्यामुळे जागा एकाचीच. येताना खुर्ची आणायला सांगितली आहे.

माळ्यावरून घडीची खुर्ची काढली. पुसून दाराशी ठेवली आहे.