कुजक्या वासाचं फूल

प्रिय ठकू,

परवा फोनवर तुला माझा आवाज बसल्यासारखा वाटला. घशाला काही झालेलं नाही. काय आणि कसं बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून अडखळत होतो. फोनवर ते जमणारही नाही. तू मध्येच "बाबा, काहीतरीच काय!" म्हणशील आणि मला तेवढंच निमित्त मिळेल. म्हणून लिहायला बसलोय.

आधी बातमी. गॅलरीतलं ते फूल अखेर उमललं. मागच्या खेपेला "नुसत्या मातीची कुंडी कसली जपताय?" म्हणून तू हसली होतीस ना, तीच कुंडी. तिच्यात कंद झोपलेला होता. ही सगळी मंडळी अळू-सुरणाच्या घराण्यातली, पण भारी तऱ्हेवाईक. एखाद्याचं फूल नागाच्या फण्यासारखं. एखाद्याला वर्षाकाठी एकच पान येतं, छत्रीएवढं, आणि ते गळून पडलं की स्वारी महिनोन्महिने मेल्यासारखी पडून असते. अशा वेळी पाणी घालायचं नाही, उकरून बघायचं नाही, जीव मुठीत धरून बसायचं. या खेपेला गुलाबी कोंब वर आला तेव्हा मला वाटलं, पानच असणार. पण तो हां हां म्हणता माझ्या कमरेला लागला. एका सकाळी बघतो तर पिकल्या जांभळाच्या रंगाचा झालरीदार पेला उघडलेला आणि त्यातून वर आलेला लांब काळपट दांडा. माश्या घोंगावत होत्या. या फुलाला त्यांनाच बोलवायचं असतं, म्हणून ते सडक्या मांसासारखा वास सोडतं.

दुपारपर्यंत अख्खी इमारत माझ्या दारात. खालचे दाताचे डॉक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "काका, उंदीर मेलाय की माणूस?" शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई तर जिन्यातूनच मागे फिरल्या. मी मात्र फुलाशेजारी खुर्ची टाकून चहा पीत बसलेलो. डॉक्टर हात जोडून म्हणाले, "धन्य आहे तुमच्या नाकाची." मी हसलो. आमच्या कंदवाल्यांच्या मंडळातही माझी हीच ख्याती आहे. असलं झाड घरात ठेवायची कुणाची छाती होत नाही. मग फुलायला आलेला कंद माझ्याकडे पाठवतात. मीही मोठ्या ऐटीत ठेवून घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाईंनी दार ठोठावलं. म्हणाल्या, "काका, अजून वास येतोय." मी म्हटलं, "फुलाचाच असेल, उद्यापर्यंत जाईल." त्या म्हणाल्या, "मीही आधी तेच म्हटलं. पण हा वेगळाय." आणि मला बाजूला सारून त्या थेट स्वयंपाकघरात घुसल्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच चालू होता. त्यांनी बटण बंद केलं, खिडक्या भराभर उघडल्या आणि वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात लायटर होता, ठकू. दार वाजलं तेव्हा मी चहा टाकायलाच निघालो होतो.

"तुम्हाला वास आला नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर्दी झालीय. त्या तडक घरी जाऊन एक रुमाल घेऊन आल्या, माझ्या नाकाखाली धरला आणि म्हणाल्या, "ओळखा." रुमालाला दुसरं काय लावणार, असा विचार करून मी म्हटलं, "अत्तर आहे. गुलाबाचं." रुमाल फिनेलमध्ये बुडवलेला होता. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं.

ज्याच्या नाकावर आपलं घर चाललं, त्याची ही गत. चहाच्या कंपनीत माझ्या होकाराशिवाय एक पेटी बाहेर जात नव्हती. तू शाळेतून यायचीस तेव्हा तुझ्या केसांच्या वासावरून मी सांगायचो, आज कुठल्या मैत्रिणीच्या घरी खेळून आलीस. तू चिडायचीस आणि तुझी आई हसून बेजार व्हायची. आई गेल्यावर मला तो मोठा ताप आला होता, आठवतं? ताप उतरला, वास परतला नाही. थोडे दिवस कप नाकाशी धरून मान हलवत राहिलो. माझ्या हाताखालचा पोरगा जे म्हणेल त्यालाच "बरोबर" म्हणायचो. ते सहन होईना, तेव्हा राजीनामा दिला आणि सगळ्यांना सांगितलं, आता बागकाम करणार. तुलाही तेच सांगितलं.

पण बागेतली गुलाब-मोगऱ्याची रोपं मला बघवेनात. तेव्हा या कंदांबद्दल ऐकलं. म्हटलं, सुवास नाही तर नाही, दुर्गंधी तरी येऊ दे. इमारत रिकामी करणारा वास आपल्या नाकात शिरणार नाही असं कसं होईल! फूल उमललं त्या सकाळी कुणी यायच्या आधी मी गुडघ्यांवर बसून त्या पेल्यात तोंड घातलं होतं. माश्या गालावर बसल्या. छाती भरून श्वास घेतला. गार हवा, बस. लोक मला धन्य म्हणत होते तेव्हा मी हे पोटात घेऊन बसलो होतो.

तू रविवारी विचारलंस, रजा संपल्यावर बाळाला पाळणाघरात टाकायचं जिवावर येतंय, तुम्ही येऊन राहाल का, दिवसभर ती तुमच्यापाशी राहील. मी क्षणात हो म्हणालो आणि बॅगही खाली काढली. आता तुला कळलंच असेल, हे पत्र का लिहिलं. तुझ्या लेकीला आणि मला घरात एकटं सोडू नकोस. दूध करपलं, वायर जळाली, गॅस सुटला, मला कळायचं नाही. लंगोट बदलायला झालाय हेसुद्धा तीच रडून सांगेल तेव्हा. तरीही येऊ का ते तू ठरव. दिवसा आणखी कुणी घरात असेल तर मी तिला खेळवीन, झोपवीन, स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. आणि अजून एक गोष्ट आहे, तिचीच सगळ्यांत जास्त लाज वाटते. दवाखान्यात तू तिला माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "बाबा, हिच्या टाळूचा वास घ्या ना." मी वाकलो, डोळे मिटले आणि म्हणालो, "अगदी तुझ्यासारखा." तू किती खूश झालीस! मला काहीही आलं नव्हतं गं. रागावून झालं की कधीतरी निवांत बस, तिला जवळ घे आणि तो वास कसा आहे ते मला सांग. चुकलं तरी चालेल, शब्दांत सांग.

तोंड लपवावंसं वाटणारा, तरी तुझाच,
बाबा